शांघायहून एका दिवसात सुझौ: जुनी देवळं आणि कालवे, वडिलांना झेपेल असं काय काय बघता येईल?

उद्यमबागकर

नमस्कार मंडळी. दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरात कंपनीच्या कामानं शांघायला जायलोय, मशीन टूल्सचं प्रदर्शन आहे, बाकीचे दिवस त्यातच जाणार पण रविवार पूर्ण मोकळा आहे. यावेळी बाबांना पण घेऊन चाललोय, त्यांच्या तिकिटाचं मी बघितलं, व्हिसा दोघांचा झालाय. बाबांनी सगळं आयुष्य बेळगावच्या वडगावात मागावर काढलं, पंढरपूर आळंदी सोडून लांब कुठं गेले नाहीत, आता रिटायर होऊन घरात बसलेत तर म्हटलं या निमित्तानं फिरून येऊ दे.

तर त्यांना शांघायच्या उंच बिल्डिंगी बघण्यात काही रस नाही. मला म्हणाले, तिथं एखादं जुनं देऊळ असलं तर दाखव आणि त्या लोकांचं रेशीम कसं विणतात ते दाखव, बाकी तुझं तू बघ. मी शोधलं तर सुझौ शहर जवळच आहे म्हणतात, देवळं पण आहेत, कालवे पण आहेत आणि रेशमाचं तर माहेरच आहे. पण नेटवर जे वाचायला मिळतंय त्यात एका दिवसात दहा ठिकाणं सांगतात, ते आमच्यानं होणार नाही. बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर आरामात चालतात पण चढ-उतार लई नको. दुसरं म्हणजे ते माळकरी आहेत, अंडं सुद्धा चालत नाही, तिकडं त्यांच्या जेवणाचं काय करायचं याची मला सगळ्यात जास्त काळजी लागलीय. बोटीत बसावं काय, ट्रेनचं बुकिंग कसं करायचं, भाषा येत नाही तर अडतंय काय, हे पण कुणी जाऊन आलेलं असेल तर सांगा की. सकाळी निघून रात्री झोपायला परत शांघायला यायचं आहे.

---

निपाणी_ते_कुन्शान

भावा, मी कुन्शानला नोकरीला आहे, म्हणजे शांघाय आणि सुझौच्या बरोबर मधे, सुट्टीच्या दिवशी सुझौला जाणं होतंच असतं त्यामुळं रस्त्याचं सगळं सांगतो, देवळांचं दुसरे कुणी जास्त चांगलं सांगतील.

पहिलं ट्रेनचं. हायस्पीडनं अर्ध्या तासाचं काम आहे, सेकंड क्लासचं तिकीट ४० युआनच्या आसपास. विक्री साधारण १५ दिवस आधी सुरू होते, रविवार आहे म्हणून आधीच काढून ठेव. रेल्वेचं स्वतःचं अ‍ॅप आहे १२३०६ नावाचं, त्यात पासपोर्ट टाकून ओळख पटवायला वेळ लागतो, तेवढा धीर नसेल तर ट्रिप डॉट कॉमवरून काढ, थोडे पैसे जास्त जातात पण डोक्याला ताप नाही. कागदाचं तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट, त्यामुळं दोघांचे मूळ पासपोर्ट बरोबर पाहिजेतच, झेरॉक्स चालत नाही. काही आपोआप उघडणाऱ्या गेटवर आपला पासपोर्ट वाचला जात नाही, मग बाजूला माणूस बसलेला असतो त्याच्याकडं जायचं.

आता नीट वाच, इथं लोक फसतात. इंग्रजी स्पेलिंगनं बघितलं तर चीनमध्ये दोन सुझौ आहेत, एक आपलं ज्यांगसू प्रांतातलं आणि दुसरं आन्हुई प्रांतातलं, ते कितीतरी लांब आहे. बुकिंग करताना प्रांत बघूनच बटण दाब. आणि आपल्या सुझौला पण दोन-तीन स्टेशनं आहेत, त्यातलं नुसतं ‘सुझौ’ नाव असलेलं स्टेशन घे, ते जुन्या शहराच्या उत्तर अंगाला अगदी लागून आहे. ‘सुझौ नॉर्थ’ला उतरलास तर मेट्रोनं बराच वेळ जातो.

दिवस कसा लावायचा तर माझं सरळ मत आहे, रविवारी संध्याकाळी पिंगज्यांग रोडवर पाय ठेवायला जागा नसते, सगळे लोक तिथंच. म्हणून तो पहाटेच उरकायचा. सकाळी सातच्या आसपासची ट्रेन धर, स्टेशनवरून टॅक्सी करून थेट पिंगज्यांग रोड. आठ वाजता तिथं दुकानं बंद असतात आणि ते बंद असलेलंच बरं, एका बाजूला दगडी फरशीचा रस्ता, दुसऱ्या बाजूला कालवा, पांढऱ्या भिंती, काळी कौलं, घराच्या मागच्या दारातून पाण्यात उतरायला दगडी पायऱ्या. रस्ता दीड किलोमीटरच्या आसपास आहे आणि एकदम सपाट, बाबांना काही त्रास नाही. मुख्य रस्त्यावरून फुटणाऱ्या बोळात नक्की शिरा, अजून माणसं राहतात तिथं, म्हातारी माणसं दारात खुर्ची टाकून भाजी निवडत बसलेली दिसतात.

मग रेशीम म्युझियम आणि पेईस टॉवर म्हणजे तिथला जुना पॅगोडा, दोन्ही एकाच रस्त्यावर जवळजवळ आहेत. दुपारी शीयुआन मंदिर, जेवण तिथंच (खाली सांगतो). तिथून टॅक्सीनं हूछ्यू म्हणजे टायगर हिल, आणि तिथून बोटीनं शानथांग कालव्यातून परत शहराकडं. शानथांगवरून स्टेशन मेट्रोच्या लाइन २ वर फक्त एक स्टॉप आहे, म्हणजे दिवसाच्या शेवटी दमलेल्या माणसाला लांब जायला नको. हूछ्यूला पोचल्याबरोबर धक्क्यावर शेवटची बोट कधी आहे ते आधी विचार आणि मगच आत जा, कारण नोव्हेंबरात इकडं पाच वाजताच अंधार पडायला लागतो.

पैशाचं, निघायच्या आधी घरीच अलीपे हे पैसे भरायचं अ‍ॅप टाकून त्याला व्हिसा नाहीतर मास्टरकार्ड जोडून घे, शेंगा विकणारा सुद्धा क्यूआर कोडवरच पैसे घेतो. थोडी रोकड खिशात असू दे. गुगल मॅप इथं भरवशाचं नाही, अलीपेतूनच टॅक्सी बोलवता येते. आणि हॉटेलवाल्याकडून सगळ्या ठिकाणांची नावं चिनी अक्षरात कागदावर लिहून घे, फोनची बॅटरी गेली तरी तो कागद टॅक्सीवाल्याला दाखवता येतो.

---

खानापूर_मास्तर

वरच्यांनी रस्ता छान सांगितलाय. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे, मुलगी शांघायला होती तेव्हा सुझौला जाऊन आलोय. देवळांबद्दल थोडं सविस्तर लिहितो कारण ‘जुनं देऊळ’ म्हटल्यावर तुमच्या वडिलांच्या डोळ्यासमोर जे येणार ते तिथं मिळणार नाही, आणि हे आधीच सांगून नेलंत तर त्यांना जास्त आवडेल.

आपण हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर बघतो, देगावचं कमलनारायण बघतो, बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती (जैन मंदिर) बघतो, तिथं दगड बोलतो, ज्या खांबाला हात लावतो तोच खांब आठशे वर्षांपूर्वी कुणीतरी घडवलेला असतो. चीनमधली देवळं मुख्यतः लाकडाची. लाकूड जळतं, कुजतं, लढाईत तर पहिलं तेच पेटतं. मग त्याच जागेवर त्याच आराखड्यानं परत बांधायचं, ही त्यांची रीत. त्यामुळं ‘हे मंदिर पंधराशे वर्षांचं’ असं पाटीवर लिहिलेलं असतं तेव्हा ते जागेचं वय असतं, इमारतीचं नसतं.

सुझौचं सगळ्यात नावाजलेलं हानशान मंदिर घ्या. सहाव्या शतकाच्या सुरुवातीला, लियांग राजवटीत स्थापन झालं. प्रसिद्ध झालं ते तांग काळातल्या झांग जी या कवीच्या चार ओळींच्या कवितेमुळं, परीक्षेत नापास झालेला (असं म्हणतात) हा माणूस रात्री पुलाजवळ नाव बांधून जागा पडलाय आणि मध्यरात्री मंदिराच्या घंटेचा आवाज पाण्यावरून त्याच्यापर्यंत येतो, एवढीच ती कविता, पण चीनमधल्या आणि जपानमधल्या सुद्धा शाळकरी पोरांना पाठ असते. आता मंदिर बघायला गेलात तर बहुतेक इमारती शंभर-सव्वाशे वर्षांच्या, १८६० च्या यादवीत जळून गेल्यावर बांधलेल्या. घंटा १९०६ ची. आतला उंच पॅगोडा तर १९९० च्या दशकातला. माझं स्पष्ट मत, एकच दिवस असेल आणि खरं जुनं बघायचं असेल तर हानशान सोडा.

त्याऐवजी दोन ठिकाणं. एक हूछ्यूवरचा युनयान पॅगोडा, ९६१ साली पुरा झालेला, सात मजली, आठ कोनी, विटांचा, ४७ मीटर उंच आणि कललेला. कललाय कारण पाया अर्धा खडकावर आणि अर्धा भरावाच्या मातीवर आहे, माती एका अंगानं दबत गेली. माथा मध्यरेषेपासून दोन मीटरपेक्षा जास्त सरकलाय. विसाव्या शतकात पाया पक्का करून कलणं थांबवलंय. बांधणाऱ्यांना बांधतानाच हे कळलं असावं कारण वरचे मजले थोडे उलट दिशेला सरळ करत नेलेत, खालून वर नजर टाकली की तो बाक स्पष्ट दिसतो. आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघायचं. टेकडी म्हणतात पण उंची पस्तीस मीटरच्या आसपास, पायऱ्या रुंद आणि सोप्या, मधे बसायला जागा आहेत, हळूहळू चढले तर तुमच्या वडिलांना जमेल. ख्रिस्तपूर्व ५१४ मध्ये ज्या हेलू राजानं हे शहर वसवलं त्याला याच टेकडीत पुरलंय असं मानतात, खालच्या अरुंद कुंडात त्याच्या हजारो तलवारी आहेत अशी जुनी कथा आहे.

दुसरं श्वेनम्याओ, भर बाजारात. हे बौद्ध नाही, ताओ पंथाचं. स्थापना इसवी सन २७६, आणि इथलं मुख्य सानछिंग दालन ११७९ सालचं, लाकडाचं असून टिकलेलं! एवढं जुनं आणि एवढं मोठं लाकडी दालन दक्षिण चीनमध्ये दुर्मिळ. आत गेल्यावर आधी मूर्तींकडं न बघता वर आढ्याकडं बघा, खांबावर लाकडाचे हात एकावर एक रचून छपराचा भार कसा पेललाय ते बघा, खिळ्याचा आधार नाही, सगळं खाचेत खाच. वडील मागावर काम केलेले आहेत म्हणजे जोडकाम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

---

रेशीम_शहापूर

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे पण हानशान सोडा म्हणता ते मला पटत नाही. घंटेचा आवाज १९०६ च्या धातूचा असला म्हणून काय झालं, ती घंटा त्याच पाण्याच्या काठी वाजते आणि लोक त्याच श्रद्धेनं ऐकायला येतात. दर ३१ डिसेंबरच्या रात्री तिथं १०८ ठोके देतात, १९७९ पासून हे चालू आहे. १०८! माळकरी माणसाला हा आकडा सांगायची गरज आहे काय? जपाची माळ १०८ मण्यांची आपली पण आणि त्यांची पण. पैसे भरून आपल्याला सुद्धा घंटा वाजवता येते. माझ्या आईला विचारलं असतं सुझौत काय आवडलं तर तिनं तेच सांगितलं असतं.

असो, मी लिहायला आले ते रेशमासाठी. उद्यमबागकर दादा, माझं माहेर पण मागावालंच, शहापूर वडगाव खासबागात पहाटे उठलं की पॉवरलूमचा खटखटाट, त्यातच वाढलो आम्ही. त्यामुळं सांगते, बाबांना रेशीम म्युझियममध्ये कमीत कमी दीड तास द्या, घाई करू नका. प्रवेश मोफत आहे. जिवंत रेशीमकिडे तुतीच्या पानावर, कोशातून धागा काढणं, आणि शेवटी जुने लाकडी माग ज्यावर माणसं बसून खरोखर विणताना दिसतात. एक उंच माग आहे तिथं एक माणूस खाली विणतो आणि दुसरा वर बसून नक्षीच्या दोऱ्या ओढतो, आपल्याकडं जकार्ड (नक्षी विणायचं यंत्र) येण्याआधी जी पद्धत होती तीच. बाबा तिथून हलणार नाहीत बघा.

आणि ‘खसू’ नावाचं विणकाम शोधून दाखवा. त्यात उभे धागे आरपार अखंड असतात पण आडवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातच नाही. जेवढा त्या रंगाचा भाग तेवढ्यातच फिरून परत येतो, प्रत्येक रंगाला वेगळा छोटा धोटा. नक्षी आधी उभ्या धाग्यांवर ब्रशनं आखून घेतात. पैठणीच्या पदरावर मोर विणताना आपण प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरवतो तेच तत्त्व, फरक एवढाच की पैठणीत दोन रंग भेटतात तिथं धागे एकमेकांत अडकवतात आणि खसूमध्ये बऱ्याच ठिकाणी नुसते शेजारी सोडतात, म्हणून उजेडासमोर धरलं की रंगांच्या कडेला बारीक फटी दिसतात. पुढून आणि मागून नक्षी सारखीच. मी तिथल्या एका बाईच्या शेजारी उभी राहून बघत होते, नखाएवढं फूल, त्याच्या एका पाकळीत तीन गुलाबी छटा, आणि प्रत्येक वेळी धागा फिरवला की नखानं आणि छोट्या फणीनं दाबून बसवायची. तिला माझी भाषा येत नव्हती मला तिची, मी हातानं पॉवरलूमची खूण केली तर हसली आणि मान हलवली. रेशीमकिडे पाळणं आणि रेशीम विणणं ही चीनची परंपरा २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, पण मला वाटतं त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी हातमागावर बसणाऱ्या माणसाला बघायला लोक तिकडं येतील अशी जागा करून दिलीय. आपल्या वडगावात असं काहीतरी व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, इतकी वर्षं इतके माग चालले, एक खोली सुद्धा नाही जिथं नव्या पोरांनी जाऊन बघावं.

खरेदी करायची तर म्युझियमच्या बाहेर टूरवाले ‘सिल्क फॅक्टरी’ म्हणून नेतात तिकडं जाऊ नका. बाबांना धागा हातात देऊन बघा, त्यांना बोटाला कळेल. नाहीतर एक धागा जाळून बघायचा, केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर रेशीम.

---

घटप्रभा_पाट

पाटबंधारे खात्यात नोकरी झाली, हिडकल धरण आणि धुपदाळ बंधाऱ्याच्या कालव्यांवर. कालव्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कुणी त्यावर बोललंच नाही अजून!

आपला कालवा शेताला पाणी द्यायला असतो, उतारानं वाहतो, शेवटच्या टोकाला पाणी पोचलं नाही तर भांडणं. त्यांचा मोठा कालवा, ग्रँड कॅनॉल, हा मुख्यतः माल न्यायला खोदलेला. हांगझौपासून पेइचिंग म्हणजे बीजिंगपर्यंत सतराशे किलोमीटरपेक्षा जास्त. सुझौच्या भागातल्या वू राज्यानं ख्रिस्तपूर्व ४८६ मध्ये यांगत्सेच्या उत्तरेला पहिला मोठा तुकडा खोदला, पुढं सुई राजवटीत ६०५ ते ६१० मध्ये सम्राट यांगनं लाखो माणसं राबवून सगळे तुकडे जोडले, त्यात माणसं पण फार मेली. दक्षिणेत भात पिकतो, राजधानी आणि फौज उत्तरेत, तांदूळ तिकडं पोचवायचा, हे कारण. चीनच्या मोठ्या नद्या बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, दक्षिण-उत्तर जायला पाण्याचा रस्ता नव्हताच, तो त्यांनी हातानं केला.

आता पातळी वेगळी असेल तिथं नाव चढवायची कशी? आधी उतार करून त्यावरून नावा दोरखंडानं ओढायचे, नावा फुटायच्या, आणि फुटलेल्या नावेतला धान्याचा माल चोरीला जायचा. ९८४ साली छ्याओ वेईयुए नावाच्या अधिकाऱ्यानं हुआय नदीजवळ दोन दरवाजे एकामागं एक बसवले, मधल्या जागेत नाव घ्यायची, पाणी भरायचं नाहीतर सोडायचं, नाव आपोआप वर किंवा खाली. जगातलं हे पहिलं नोंदलेलं दोन दारांचं लॉक. ज्यानं आयुष्यभर गेटं वरखाली केलीत त्याला हे वाचून काय वाटतं ते मी सांगू शकत नाही, लई आनंद होतो. सुझौच्या आसपास जमीन सपाट आणि जवळच ताईहू तलाव, त्यामुळं तिथं त्याची फारशी गरज पडत नाही, पाणी संथ असतं.

शहरातले कालवे पण असेच विचारानं केलेले. १२२९ साली दगडावर कोरलेला सुझौचा नकाशा आहे, पिंगज्यांग नकाशा, त्यात रस्ता आणि कालवा जोडीनं चाललेत, घराचं पुढचं दार रस्त्यावर, मागचं पाण्यावर. तो दगड तिथल्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात ठेवलाय. आणि त्यातले बरेच कालवे आज पण त्याच जागी आहेत! मास्तरांनी कमल बस्तीचं साल दिलं १२०४, म्हणजे बस्ती बांधून पंचवीस वर्षांनी हा नकाशा कोरला, एवढं जवळचं. शानथांगचा कालवा तर त्याहून जुना, कवी बाई जूयी सुझौचा अधिकारी असताना ८२५ च्या सुमारास खोदून घेतला, शहराच्या वेशीपासून टेकडीपर्यंत. कवी असून कालव्याचं काम केलं, मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

जमलं तर बाओदाई पूल बघा. ५३ कमानी, ३१७ मीटर, मूळ ८१६ ते ८१९ मधला, आजचा ढाचा मिंग काळातल्या दुरुस्तीचा. तो कशाला बांधला? नाव ओढणारे मजूर काठानं दोरी खांद्यावर घेऊन चालायचे, तिथं मधे पाण्याचं तोंड आडवं आलं, माणसांना चालायला वाट पाहिजे म्हणून पूल. मधल्या तीन कमानी उंच, नावा जायला. बाकी पूल इतका खालून जातो की पाणी आणि पूल एका रेषेत वाटतात. शेजारून अजून वाळू-सिमेंटच्या बार्जेस धडधडत जातात, २०१४ मध्ये वारसा यादीत गेला म्हणून कालवा बंद नाही पडला, राबतोय अजून.

---

निपाणी_ते_कुन्शान

काका, पूल भारीच आहे पण तो जुन्या शहराच्या दक्षिणेला बाहेर आहे, एका दिवसात तो पण घातला तर उद्यमबागकरांच्या वडिलांचा दिवस टॅक्सीतच जाईल. हानशान पण तसंच, पश्चिमेला एकटं आहे. हानशान करायचं तर हूछ्यू किंवा रेशीम सोडावं लागेल.

आता जेवण, ते राहिलंच. घाबरू नकोस. मोठ्या बौद्ध मंदिरात स्वतःचं भोजनालय असतं आणि ते पूर्ण शाकाहारी. त्यात कांदा-लसूण पण नसतो, भिक्षूंना ते वर्ज्य. शीयुआन मंदिराच्या नूडल्स सगळ्या सुझौत प्रसिद्ध आहेत, शहरातली माणसं खास तेवढ्यासाठी येतात. रविवारी रांग असते, साडेअकरालाच जा. एका वाडग्यात गरम रस्सा, त्यात बारीक सरळ रचलेल्या नूडल्स, वर अळंबी, बांबूचे कोंब, तळलेला टोफू. थोडं फिकं लागेल, बाबांसाठी घरून शेंगदाण्याची चटणी बरोबर घे, काम होईल. बाहेरच्या साध्या नूडल्सच्या दुकानात मात्र खाऊ नका, वर भाजी दिसली तरी रस्सा हाडांचाच असतो. ‘वो छी सू’ म्हणजे मी शाकाहारी, पण एवढ्यावर भागत नाही, मांस-मासे-अंडं-हाडाचा रस्सा नको हे लिहून घेऊन दाखव. सकाळच्या ट्रेनसाठी दशम्या नाहीतर ठेपले बांधून घे.

शीयुआनमध्ये पाचशे अर्हतांचं (बौद्ध सिद्ध पुरुषांचं) दालन आहे ते पण बघा, माणसाच्या उंचीच्या जवळपास पाचशे मूर्ती आणि एकाचा चेहरा दुसऱ्यासारखा नाही. तिथं जी कोंग नावाच्या वेड्या साधूची मूर्ती आहे, एका बाजूनं बघितलं तर हसतोय, दुसऱ्या बाजूनं रडतोय. मागच्या तळ्यात कासवं.

---

उद्यमबागकर

बापरे, एवढं सगळं सांगितलंत, मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. खसूचं ऐकून ताईंना विचारा म्हणाले की त्या मागाला फणी कसली असते, बांबूची काय? आणि दोन दारांच्या लॉकवर तर चहा गार होईपर्यंत विचारत बसले.

ठरवलंय असं: पिंगज्यांग सकाळी, मग रेशीम म्युझियम, शीयुआनला जेवण, हूछ्यू, बोटीनं शानथांग. श्वेनम्याओ वाटेत बसवता येईल काय, पिंगज्यांगवरून जवळ दिसतंय नकाशात. हानशान आणि पूल राहू दे. मास्तर, एक विचारायचं होतं, बाबांना बौद्ध मंदिरात हात जोडताना काही चुकायला नको, तिथं काही वेगळे नियम आहेत काय? चपला काढायच्या काय?

---

खानापूर_मास्तर

चपला काढायच्या नाहीत, तिथं बुटातच आत जातात, वडिलांना ते आधी सांगून ठेवा नाहीतर ते दारातच बसून बूट काढायला लागतील. दाराला लाकडी उंबरा असतो, गुडघ्याएवढा उंच सुद्धा, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून जायचं. आपल्याकडं पण उंबऱ्यावर पाय देत नाहीत, त्यांना सांगावं लागणार नाही, फक्त गुडघ्यामुळं तुम्ही हात धरा. उदबत्ती बाहेर अंगणातल्या मोठ्या धातूच्या पात्रातच लावायची, तीन काड्या, आत न्यायची नाही. गाभाऱ्यात मूर्तीचे फोटो काढू नका. हात जोडून नमस्कार आपल्यासारखाच, काही वेगळं नाही.

एक खास गोष्ट दाखवा. बौद्ध मंदिरात शिरल्यावर पहिल्या दालनात हसरा, पोट सुटलेला मैत्रेय (पुढं येणारा बुद्ध) बसलेला असतो आणि दोन्ही बाजूंना चार दिक्पाल, त्यात धृतराष्ट्र आणि वैश्रवण म्हणजे आपला कुबेर. मैत्रेयाच्या पाठीला पाठ लावून, मुख्य दालनाकडं तोंड करून चिलखत घातलेला एक तरुण वीर उभा असतो, त्याला तिथं वेईतुओ म्हणतात. अभ्यासक त्याला स्कंदाचं रूप मानतात, म्हणजे कार्तिकस्वामी. बहुतेक लोक मैत्रेयाला बघून पुढं निघून जातात, तुम्ही मागं वळून बघा.

श्वेनम्याओ बसेल की, पिंगज्यांगच्या पश्चिमेला चालत पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर टॅक्सी. सकाळी उघडल्या उघडल्या जा, अर्ध्या तासात होतं.

---

रेशीम_शहापूर

बाबांना सांगा, हाताची छोटी फणी मी बघितली ती बांबूचीच होती, दात बारीक आणि टोकं गुळगुळीत झालेली. मोठ्या मागाच्या फणीकडं माझं लक्ष गेलं नाही, ते बाबांनीच बघून यावं आणि इथं लिहायला सांगा. त्यांना टाइप करायला जमत नसेल तर त्यांनी बोलावं आणि तुम्ही लिहा, पण सगळं लिहा, आमच्या घरी पण वाचून दाखवायचं आहे.

---

निपाणी_ते_कुन्शान

परतीची ट्रेन साडेसात-आठची घे, त्याच्या आधीची नको. शानथांगला दिवे लागल्यावर चहाच्या घरात फिंगथान ऐकायला मिळतं, एक बाई फिफा नावाचं तंतुवाद्य घेऊन, एक बुवा तीन तारांचं वाद्य घेऊन, सुझौच्या बोलीत गोष्ट सांगत गातात, शब्द कळले नाहीत तरी बाबा बसतील. स्टेशनवर सामान तपासणी आणि रांग असते म्हणून गाडीच्या चाळीस मिनिटं आधी पोच. सकाळी थंडी असेल, बाबांना स्वेटर आणि कानटोपी घे, बोटीत वारा लागतो. रविवारी मी मोकळा आहे, स्टेशनवर येऊन भेटतो, इथं मेसेज टाक.

---

उद्यमबागकर

नक्की टाकतो भावा. बाबा म्हणाले निपाणीच्या पोराला कुंदा घेऊन जाऊया.